बागेतल्या बुटक्या भिंतीचा पाया: चर खणण्यापासून पाणी मारण्यापर्यंत

दोन फुटांच्या भिंतीचा पाया फारसा कोणी मनावर घेत नाही. फुलझाडांच्या वाफ्याला कठडा करायचा असतो, अंगणाच्या उताराला टप्पा द्यायचा असतो किंवा संध्याकाळी टेकायला एक कट्टा हवा असतो; मग वीतभर चर खणला जातो, त्यात अंदाजाने काही घमेली काँक्रीट पडते आणि त्याच दिवशी दुपारी विटा लागायला सुरुवात होते. दौंडच्या बाजूला आमच्या अंगणात मीही पहिली भिंत अशीच बांधून घेतली होती. ती एप्रिलमध्ये उभी राहिली आणि दिवाळीपर्यंत तिच्या मधोमध, बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली. शेजारी त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या घराला मात्र केसाएवढीही चीर नव्हती. ‘एवढ्याशा भिंतीला कसला पाया, काका?’ असे ज्या गवंड्याने मला विचारले होते, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, कारण त्या वेळी मलाही त्याचे म्हणणे पटले होते.

त्या म्हणण्यातली चूक थोड्या हिशेबाने दिसते. २३ सेंटिमीटर जाडीची, जमिनीच्या वर ६० आणि खाली ४५ सेंटिमीटर उंचीची विटांची भिंत घेतली, तर एका मीटर लांबीला तिचे वजन सुमारे ४६० किलो होते. त्याखालच्या ४५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वजन आणखी १६० किलोच्या आसपास भरते. हे सगळे ओझे चौरस मीटरला दीड टनाच्याही आत राहते, आणि तेवढे बहुतेक कोणतीही घट्ट जमीन सहज पेलते. म्हणजे भिंत खचेल का, हा येथे मुख्य प्रश्नच नाही. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकले की आकसते. घराचे वजन या फुगणाऱ्या मातीला बऱ्यापैकी दाबून धरते, पण हलकी भिंत तिच्यावर तरंगते आणि पावसाळ्यात जेथे पाणी जास्त मुरेल तेथे वर उचलली जाते. त्यामुळे भिंत बुटकी आहे म्हणून पाया उथळ चालेल, हा हिशेब काळ्या जमिनीत नेमका उलटा ठरतो. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीला धरून सांगितली आहे.

येथे सांगितलेले काम जमिनीपासून जास्तीत जास्त एक मीटर उंचीच्या, आपल्याच अंगणातल्या, स्वतंत्र उभ्या भिंतीसाठी आहे. भिंतीच्या एका बाजूची माती दुसऱ्या बाजूपेक्षा दीड फुटाहून अधिक उंच राहणार असेल, तर ती मातीचा रेटा थोपवणारी भिंत होते. तिचा पाया, जाडी आणि पाणी निघण्याची छिद्रे यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो अभियंत्याकडूनच करून घ्यावा. हद्दीवरच्या कंपाउंडच्या भिंतीला मोजणीचा आणि परवानगीचा प्रश्न येतो, तो आधी मिटवावा.

जमीन काय सांगते

आखणी करण्याआधी भिंतीच्या रेषेवर दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन खड्डे पहारीने घ्यावेत. पहार काळ्या मातीत शिरते तेव्हा आवाज जवळपास होतच नाही. ओलावा असेल तर ती वर काढताना चिकटून येते आणि टोकावर मातीचा गुळगुळीत गोळा राहतो. मुरूम लागला की आवाज बदलतो, पहार खरखरते, हाताला झिणझिण्या येतात आणि टोकाला पिवळसर-तांबूस चुरा दिसतो. हा बदल किती खोलीवर झाला ते तिन्ही खड्ड्यांत मोजून लिहून ठेवावे. आमच्याकडे एका टोकाला मुरूम दोन फुटांवर लागला होता आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन फुटांवरही लागला नव्हता. पहिली भिंत नेमकी या दोहोंच्या मध्ये फाटली होती, हे मला तेव्हा, म्हणजे फार उशिरा कळले.

मुरूम किंवा घट्ट तांबडी माती दोन फुटांच्या आत लागत असेल तर काम सोपे आहे. चर ६० सेंटिमीटर खोल घ्यावा, म्हणजे पायाचा तळ भारतीय मानकात सुचवलेल्या ५० सेंटिमीटरच्या किमान खोलीपेक्षा खालीच राहतो. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत पायाची खोली बर्फाने माती गोठण्याच्या हिशेबाने दिलेली असते. आपल्या हवामानात त्या आकड्यांचा उपयोग नाही. कोकणात जांभ्याचा कातळ वर आलेला असेल तर खोल खणण्याची गरजही नसते. सुटी माती आणि शेवाळ काढावे, कातळ टाकीने ढोबळमानाने सपाट करावा, पाण्याने धुवावा आणि त्यावर सपाटीपुरते काँक्रीट टाकून चिरे लावायला घ्यावेत. मात्र कातळ अर्ध्याच लांबीला असेल आणि उरलेल्या भागात भरावाची माती असेल, तर त्या सांध्यावर भिंत मोडणार हे गृहीत धरून तेथे उभी फट सोडावी.

खरी कसोटी काळ्या मातीची असते. या मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे ज्या खोलीपर्यंत बदलतो ती खोली दीड मीटरहूनही जास्त असू शकते, आणि बागेच्या कठड्यासाठी तेवढे खणणे कोणालाच परवडत नाही. घरांसाठी अशा जमिनीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर केलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ते येथे अनाठायी होतील. आपल्या कामाला पुरेल असा विचार आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आलेला आहे: फुगणाऱ्या मातीवर, स्वतः न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा दाबलेला थर दिला की वरच्या बांधकामापर्यंत पोहोचणारी हालचाल बरीच कमी होते. चांगला मुरूम हे काम करतो. मुरूम चार फुटांच्या आत लागला तर तेथपर्यंतच खणावे. न लागला तर चर १०५ सेंटिमीटर खोल आणि ७५ सेंटिमीटर रुंद घेऊन तळाशी ४५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम भरावा आणि त्यावर काँक्रीट टाकावे. एवढे करूनही भिंत थोडीफार हलणारच, म्हणून तिला सलग न ठेवता तुकड्यांत बांधावे, म्हणजे ती आपण ठरवून दिलेल्या जागी हलते.

आखणी आणि चर

कामाचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि काँक्रीटमधले पाणी उन्हाने पळते; पावसाळ्यात चराच्या बाजू ढासळतात. खणण्याआधी पाण्याची लाइन, सांडपाण्याचा पाइप आणि मोटारीची केबल कोठून गेली आहे ते पाहून घ्यावे. पाइप भिंतीखालून जाणारच असेल तर पायातून जाणाऱ्या भागावर त्याहून मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा चढवावा, म्हणजे भिंत हलली तरी लाइन फुटत नाही. पिंपळ, उंबर किंवा वड यांच्या जवळ भिंत घेणे शक्यतो टाळावे. मुळे पायाला उचलतात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण झाड आसपासच्या काळ्या मातीतले पाणी शोषून तिला आकसवते हे फारसे लक्षात येत नाही.

भिंतीच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे, चराच्या बाहेर मीटरभर अंतरावर दोन-दोन खुंट्या ठोकून त्यांवर आडवी फळी मारावी आणि भिंतीच्या दोन कडा व चराच्या दोन कडा यांच्या खुणा फळीवर खिळ्यांनी कराव्यात. खुंट्या चराजवळ ठोकल्या तर खणताना हमखास हलतात. खिळ्यांना दोरी ताणून तिच्याखाली फक्कीने रेषा मारावी. कोपरा काटकोनात हवा असेल तर एका दोरीवर ९० सेंटिमीटर, दुसरीवर १२० सेंटिमीटर मोजून त्या दोन खुणांमधले तिरके अंतर १५० सेंटिमीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवावी. छोट्या गुण्यावर लांब भिंतीचा काटकोन सोपवू नये.

चर खणताना बाजू सरळ उभ्या आणि तळ सपाट ठेवावा. खाली निमुळता होत गेलेला चर दिसतो ठीक, पण काँक्रीटची रुंदी तेथेच कमी पडते. २३ सेंटिमीटरच्या भिंतीला काँक्रीट ४५ सेंटिमीटर रुंद ठेवले की दोन्ही बाजूंना ११ सेंटिमीटर पुढे येते, आणि १५ सेंटिमीटर जाडीला ते योग्य आहे, कारण पुढे येणारा भाग जाडीपेक्षा जास्त असला की काँक्रीट भिंतीच्या कडेला तुटण्याची भीती असते. १० सेंटिमीटरच्या अर्ध्या विटेच्या भिंतीलाही ३० सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदी घेऊ नये, कारण बिगाऱ्याला त्याहून अरुंद चरात नीट उभेही राहता येत नाही.

जमीन उतरती असेल तर पायाचा तळ उताराबरोबर तिरका न नेता पायऱ्यांनी उतरवावा. पायरीची उंची काँक्रीटच्या जाडीपेक्षा जास्त नसावी आणि ती विटेच्या थराच्या पटीत असावी. त्यासाठी आपल्याच विटा मसाल्यासह एकावर एक ठेवून काठीवर थरांच्या खुणा करून घ्याव्यात, कारण भट्टीभट्टीच्या विटेची जाडी वेगळी असते. वरचे काँक्रीट खालच्या काँक्रीटवर पायरीच्या उंचीच्या दुप्पट किंवा ३० सेंटिमीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढे चढलेले असावे.

खणताना एखाद्या जागी चर ठरल्यापेक्षा खोल गेला तर तेथे उकरलेली माती परत ढकलून पायाने दाबण्याची सवय सर्वत्र आहे, आणि बुटक्या भिंती बिघडण्याचे माझ्या पाहण्यातले दुसरे मोठे कारण हेच आहे. तो खड्डा काँक्रीटनेच भरावा. चार घमेली माल जास्त लागेल एवढेच. मुरूम भरायचा असेल तर १५ सेंटिमीटरचा एक असे तीन थर करावेत, प्रत्येक थरावर चिखल होणार नाही इतके पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने चोपावे. बुटाची टाच जोराने आपटली तरी खूण उमटत नाही, इतपत थर बसला की पुढचा टाकावा. आठ मीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद चराला, चोपल्यावर आकार कमी होतो हे धरून, सुमारे सव्वा ब्रास मुरूम लागतो (ब्रास म्हणजे १०० घनफूट). तळ तयार झाल्यावर चर दिवसेंदिवस उघडा ठेवू नये. काळी माती चार दिवसांत बाजूंनी तडकते आणि तडकलेल्या बाजूंचे ढेकूळ ओल्या काँक्रीटमध्ये पडतात.

माल किती आणि कसा

मजुरांच्या बोलण्यात पायाच्या या काँक्रीटला पीसीसी म्हणतात, म्हणजे सळईशिवायचे काँक्रीट. मुरमावरच्या बुटक्या भिंतीला सिमेंट, वाळू आणि खडी यांचे एकास दोनास चार, म्हणजे एम १५ प्रतीचे प्रमाण पुरते. काळ्या जमिनीत किंवा भरावावर काम असेल तर मी १० मिलिमीटरच्या दोन सळ्या खाली आणि दोन वर अशा लांबीत टाकाव्यात या मताचा आहे. मग काँक्रीटची जाडी २० सेंटिमीटर घ्यावी, चर पाच सेंटिमीटर जास्त खोल करावा, मालाचा हिशेब त्या प्रमाणात वाढवावा आणि सळ्या आणि माती यांच्यामध्ये ५० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर राहील असे कव्हर ब्लॉक ठेवावेत. विटांचे तुकडे खाली सारू नयेत, कारण ते पाणी शोषून सळईपर्यंत पोहोचवतात. सळई आली की आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीट किमान एम २० प्रतीचे लागते, म्हणजे प्रमाण एकास दीडास तीन होते.

आता सळईशिवायच्या आठ मीटर लांबीचा हिशेब पाहू. ८ मीटर गुणिले ०.४५ गुणिले ०.१५ म्हणजे ०.५४ घनमीटर काँक्रीट. कोरडा माल कालवल्यावर आकाराने कमी होतो, म्हणून याच्या सुमारे दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे ०.८२ घनमीटर कोरडा माल धरावा. त्याचे सात भाग केले की सिमेंट साडेतीन गोण्यांच्या आसपास, वाळू साधारण साडेआठ घनफूट आणि २० मिलिमीटरची खडी सुमारे १७ घनफूट येते. चार गोण्या आणाव्यात, कारण हाताने कालवताना सिमेंट एक दशांश जास्त घालण्याची चांगली रीत आहे. वाळू-खडीही ब्रासच्या हिशेबाने विकतात. एवढ्याशा कामाला अर्धा ब्रासही उतरवून घेऊ नये, नाहीतर उरलेल्या ढिगावर मांजरांचे राज्य सुरू होते.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी किंवा चिमटीत न फुटणारे खडे झालेली गोणी घेऊ नये. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते आणि ती चांगलीही असते, पण तिच्या नावाखाली क्रशरवरची डस्ट गळ्यात पडू शकते. परीक्षा घरच्या घरी होते. उभ्या काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घालून वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकावे, खूप हलवून तीन तास ठेवावे. वाळूच्या वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू परत पाठवावी किंवा धुऊन घ्यावी.

माल घमेल्याने मोजणे वाईट नाही, अंदाजाने मोजणे वाईट. ५० किलोच्या गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असते, म्हणून ३५ गुणिले २५ गुणिले ४० सेंटिमीटरचा लाकडी फर्मा केला की एक फर्मा म्हणजे एक गोणी होते. फर्मा नसेल तर एक गोणी काठाबरोबर सपाट केलेल्या घमेल्यांनी मोजून पाहावी आणि त्याच घमेल्याने, तशीच सपाट, वाळू-खडी मोजावी. सिमेंटचे घमेले सपाट आणि खडीचे शिगोशीग, असे चालू नये. ओलसर वाळू फुगलेली असते आणि ही फुगवट पाव हिश्शापर्यंत जाते, त्यामुळे वाळू हाताला दमट लागत असेल तर दोनऐवजी अडीच फर्मे घ्यावे लागतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र कठोर राहावे. एम १५ च्या एका गोणीला जास्तीत जास्त ३२ लिटर पाणी मानकात सांगितले आहे, आणि त्यात वाळूच्या अंगचे पाणीही धरायचे असते. ओली वाळू असेल तर आधी २२-२४ लिटरच घालावे आणि मग तांब्या-तांब्याने वाढवावे. फावड्याने उचललेला माल फावड्यावर ढिगासारखा टिकावा आणि झटका दिल्यावर सरकावा. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो म्हणून बिगारी पाइप चालू करतात. पण जास्तीचे पाणी नंतर वर येते, त्याबरोबर सिमेंटचे दूध येते आणि ते सुकले की वर पावडर आणि आत बारीक पोकळ्या राहतात. मी पाइप नळावरच बंद करतो आणि मोजलेल्या दोन बादल्या जवळ ठेवतो. त्यावरून वाद होतो, पण तो दहा मिनिटांत मिटतो.

कालवण्यासाठी पत्रा किंवा फरशीची स्वच्छ जागा घ्यावी, मातीवर कालवू नये. वाळू पसरून त्यावर सिमेंट टाकावे आणि रंग एकसारखा होईपर्यंत कोरडेच तीनदा परतावे, मग खडी मिसळावी, मधोमध आळे करून त्यात पाणी घालावे आणि कडेचा माल आत ओढत कालवावे. हातमोजे आणि गमबूट वापरावेत. ओले सिमेंट त्वचेला भाजते आणि त्याची जाणीव संध्याकाळी होते.

काँक्रीट टाकणे

एका वेळी अर्ध्या गोणीचाच माल कालवावा, कारण पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात तो चरात बसायला हवा. अर्ध्या गोणीत या चराचे सुमारे १.२ मीटर भरते; म्हणजे आठ मीटरला सात घाणे होतात आणि एक गवंडी, दोन बिगारी असतील तर सकाळी सातला सुरू केलेले काम ऊन चढण्याआधी संपते.

त्याआधी चरात दर दीड मीटरला सळईचे तुकडे उभे ठोकून त्यांची डोकी काँक्रीटच्या वरच्या पातळीला आणावीत. पातळी लेव्हल पाइपने घ्यावी. पारदर्शक नळीत पाणी भरून सगळे बुडबुडे निघाल्याची खात्री करावी, दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहावे, आणि मगच एक तोंड पहिल्या तुकड्याशी व दुसरे पुढच्याशी धरावे. एक बुडबुडा राहिला तर बोटभर फरक पडतो आणि तो पुढे गवंडी मसाल्याची जाडी वाढवून झाकत बसतो. फट सोडायच्या जागी आडवी फळी उभी करून तिला चिकटून १२ मिलिमीटरचा थर्माकोल लावावा. आठ मीटरच्या भिंतीला मध्ये एक फट पुरते. एरवी दर पाच मीटरला एक असावी, आणि काळ्या जमिनीत ती भिंतीबरोबर काँक्रीटमध्येही असावी. घराच्या जोत्याला भिंत भिडत असेल तेथेही २० मिलिमीटरची फट सोडावी. घर आणि कठडा एकाच चालीने हलत नाहीत, आणि जोत्यात विटा गुंतवल्या तर भेग जोत्याच्या गिलाव्यावर उमटते.

टाकण्याआधी चराचा तळ आणि बाजू भिजवाव्यात, पण पाणी साचलेले नसावे. कोरडी माती काँक्रीटमधले पाणी ओढून घेते. माल घमेल्यातून चराच्या तळाजवळ नेऊन हळू सोडावा. वरून भिरकावला की खडी एकीकडे घरंगळते आणि रसा दुसरीकडे राहतो. प्रत्येक घाणा पडल्यावर सळईने सगळीकडे, विशेषतः कडांना, टोचत जावे आणि मग लाकडी ठोकळ्याने चोपावे. चोपताना आधी आवाज पोकळ येतो, खडी वर दिसते. दहा-पंधरा ठोके झाले की आवाज भरीव होतो, खडी खाली बसते आणि पृष्ठभागावर ओलसर चमक येते. तेथे थांबावे. त्यापुढे चोपत राहिले तर नुसता रसाच वर येतो. पातळी जुळली की सळईचे तुकडे उपटून भोके त्याच मालाने भरावीत.

वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करू नये. कोरडे सिमेंट भुरभुरून घोटलेला बेड दिसायला सुरेख असतो, पण विटेखालच्या मसाल्याला त्यावर पकड मिळत नाही; थापीच्या कडेने आडवे ओरखडे काढून तो खडबडीतच सोडावा. काम मध्येच थांबवावे लागले तर माल उतरता सोडू नये, फळी लावून सरळ उभा तोडावा, आणि शक्य असेल तर ही तोड ठरलेल्या फटीच्या जागीच घ्यावी.

पाणी मारणे आणि पुढची बांधणी

दोन-तीन तासांनी, बोटाचा ठसा उमटेनासा झाला की भिजवलेली गोणपाटे अंथरावीत आणि त्यांवर प्लास्टिक टाकावे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि आता बहुतेक दुकानांत मिळते त्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस पाणी द्यावे लागते. कोरड्या, उष्ण हवेत हीच मुदत चौदा दिवसांपर्यंत न्यावी. मुरमाच्या किंवा कातळाच्या जागी चरात पाणी साठवून ठेवले तरी चालते. काळ्या मातीत मात्र तसे करू नये, कारण मारलेले पाणी पायाखालच्या आणि बाजूच्या मातीत उतरते आणि ज्या फुगण्यापासून आपण भिंत वाचवत आहोत ते आपणच सुरू करतो. तेथे गोणपाट सकाळ-संध्याकाळ झारीने भिजवणे पुरते.

तीन दिवसांनी, पाणी मारणे चालू ठेवून, बांधणीला सुरुवात करता येते. दोरी पुन्हा त्याच खिळ्यांना ताणावी, ओळंब्याने भिंतीची कड काँक्रीटवर उतरवून घ्यावी आणि दोन्ही बाजूंना ११ सेंटिमीटर राहतात का ते मोजावे. जमिनीखालचे थर चांगल्या भाजलेल्या, आपटल्यावर खणखणणाऱ्या विटांचे किंवा डबराचे असावेत. विटा आधी भिजवलेल्या असाव्यात आणि मसाला एकास सहाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) चालेल. काँक्रीटमधली फट विटांच्या थरांत त्याच ओळंब्यात वर नेली पाहिजे. एकदा आमच्याकडे फट खाली होती आणि गवंड्याने सवयीने तिच्यावरून सांधमोड करत अखंड थर लावले. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीने ती फट स्वतःच, नागमोडी, शोधून काढली.

भिंत जमिनीच्या वर आली आणि आठवडा झाला की चराच्या दोन्ही बाजू बरोबरीने भराव्यात, एका बाजूने आधी भरून दुसरी नंतर भरू नये. काळ्या जमिनीत भरायला उकरलेली काळी माती न वापरता मुरूम वापरावा, मात्र वरच्या चार-सहा इंचांत काळी मातीच चोपून बसवावी, म्हणजे पावसाचे पाणी मुरमातून थेट पायाकडे न जाता वरून वाहून जाते. वाफ्याची आळी आणि ठिबकची नळी भिंतीपासून फूटभर लांब ठेवावी. भरलेली माती भिंतीला टेकते तेथे दोन इंच उंच ठेवून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत ती बसते, आणि बसून खळगा झालेला दिसला की त्याच आठवड्यात तो परत भरून घ्यावा.